गटाचा वेग आणि माझा वेग

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कोल्हापुरात राहणाऱ्या, नोकरी आणि घर सांभाळून सराव करणाऱ्या, चाळिशीला टेकलेल्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे. गेल्या वर्षी रंकाळ्यावर फिरताना त्यांच्या पाच जणांच्या गटाने ठरवले की, गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ स्पर्धेत (पोहणे, सायकल आणि धावणे एकापाठोपाठ एक करायची लांब पल्ल्याची शर्यत) उतरायचे आणि फिनिश लाइन पाचही जणांनी एकत्र ओलांडायची. कल्पना त्यांच्या जुन्या मैत्रिणीची. या भगिनींना तेव्हा पोहताही येत नव्हते. पोहायला त्या मैत्रिणीनेच शिकवले. आज स्पर्धेला तीन महिने उरले असताना सायकल आणि धावणे या दोन्हींत त्या गटाच्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत, तर मैत्रीण गुडघ्याच्या दुखण्यामुळे मागे पडली आहे. रविवारी गगनबावड्याच्या रस्त्यावर कळे गावाच्या पुढे एका टपरीपाशी सगळे तिच्यासाठी थांबतात आणि ती आली की निघतात. थोडे वेगळे वेळापत्रक सुचवल्यावर गटातील एकाने ‘ठरलं ते ठरलं’ असे सुनावले. तेव्हापासून त्या आठवड्यातून दोनदा पहाटे कोणालाही न सांगता एकट्या सराव करतात आणि त्याची नोंद ॲपवर लपवून ठेवतात. त्या विचारतात, ‘मी मैत्री जपू की माझी प्रगती?’

उत्तर:

तुमचे पत्र दोनदा वाचले. प्रश्न तुम्ही अशा रीतीने मांडला आहे की कोणतेही उत्तर दिले तरी तुम्हाला काहीतरी गमावल्यासारखेच वाटेल. म्हणून उत्तर शोधण्याआधी, या दोन गोष्टी खरोखरच एकमेकींच्या आड येतात का, हे आपण तपासून पाहू. माझ्या समजुतीप्रमाणे तुमची अडचण वेगातल्या फरकामुळे निर्माण झालेली नाही. गेल्या वर्षी उत्साहाच्या भरात जे ठरले, त्याचा नेमका अर्थ काय, याविषयी त्यानंतर पाच जणांपैकी कोणीही नीट बोललेले नाही, आणि त्या न बोललेल्या गोष्टीचे ओझे आता तुम्ही एकट्या वाहत आहात.

‘पाचही जणांनी एकत्र फिनिश लाइन ओलांडायची’ हा संकल्प ऐकायला सुंदर असला, तरी तो केला तेव्हा स्पर्धेचे नियम कोणी वाचले होते का, अशी मला शंका आहे. ७०.३ मैल म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. या स्पर्धांत सर्वांना एकदम पाण्यात सोडत नाहीत. आपल्या पोहण्याच्या अंदाजे वेळेनुसार रांगेत उभे राहायचे आणि काही सेकंदांच्या अंतराने थोडे थोडे स्पर्धक पाण्यात शिरतात. प्रत्येकाच्या घोट्याला बांधलेल्या चिपमुळे प्रत्येकाचे घड्याळ स्वतंत्रपणे सुरू होते. सायकलच्या टप्प्यात तर गटाने जाण्याला सक्त मनाई असते. पुढच्या स्पर्धकाच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर राखावे लागते, शेजारी शेजारी सायकल चालवता येत नाही, आणि कोणाच्या आडोशाने वारा चुकवताना पंचांना दिसलात तर पेनल्टी टेंटमध्ये थांबून दंड भोगावा लागतो. म्हणजे ज्या ९० किलोमीटरमध्ये दिवसाचा सर्वांत मोठा भाग जातो, तिथे तुम्हाला एकमेकांशी चार शब्द बोलण्याइतकेही जवळ राहता येणार नाही. धावताना दुसऱ्या स्पर्धकाच्या सोबतीने जायला हरकत नसते. परंतु तिथपर्यंत पाचही जण एका वेळी पोहोचायचे असतील, तर चौघांना ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्या प्रकाराकडे वळण्याच्या जागी, पाचव्याची वाट पाहत बसावे लागेल. आणि कट-ऑफचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही. पोहण्यासाठी साधारणपणे १ तास १० मिनिटे आणि संपूर्ण स्पर्धेसाठी ८ तास ३० मिनिटे अशी मर्यादा असते. तुमच्या वर्षाच्या स्पर्धक-पुस्तिकेत ती एकदा पाहून घ्या, कारण मधल्या टप्प्यांच्या वेळाही तिथेच दिलेल्या असतात. दुर्दैवाने एकाला उशीर झाला, तर त्या संकल्पापायी पाचही जण स्पर्धेबाहेर जाऊ शकतात. असे व्हावे, अशी तुमच्या मैत्रिणीची इच्छा असेल असे मला वाटत नाही.

लांब पल्ल्याच्या या प्रकाराचा जन्मच प्रत्येकाला स्वतंत्रपणे जोखण्याच्या हौसेतून झाला आहे. जलतरणपटू, सायकलपटू आणि धावपटू यांत सर्वांत तंदुरुस्त कोण, या वादातून जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या दांपत्याने १९७८ मध्ये हवाईतील ओआहू बेटावर तीन वेगवेगळ्या शर्यतींची अंतरे एकापुढे एक जोडली. त्या दिवशी १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. अशा स्पर्धेत उतरणारे बहुतेक जण एका प्रकारात भक्कम आणि दुसऱ्यात कच्चे असतात. तुमच्याच गटाकडे पाहा ना. मैत्रीण पाण्यात तुमची गुरू आहे आणि रस्त्यावर तुमच्या मागे आहे. ‘मी पुढे गेले आणि ती मागे राहिली’ हे तुमचे वाक्य तीनपैकी दोन प्रकारांनाच लागू पडते, हे तुमच्या लक्षात आले नसावे.

आता त्या टपरीकडे वळू, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ मला तीच वाटली, आणि ती तुम्ही सहज लिहून गेला आहात. चौघे पुढे पोहोचतात, सायकली भिंतीला टेकवतात, चहा घेतात, पाय मोकळे करतात. मैत्रीण येते, सगळे तिचे मनापासून कौतुक करतात आणि लगेच म्हणतात, ‘चला, निघू या.’ म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज कमी होती, त्यांना दहा मिनिटे मिळाली आणि जिला सर्वांत जास्त गरज होती, तिला बाटलीतील दोन घोट पाणी. शिवाय आपल्यामुळे सगळे खोळंबले आहेत, या जाणिवेने ती तिथपर्यंतचे प्रत्येक किलोमीटर तिच्या आवाक्यापेक्षा जास्त जोराने मारत आली असणार. लांब पल्ल्याच्या तयारीत बहुतेक सराव हा बोलता येईल इतक्या सावकाश वेगाने व्हावा लागतो, हे तुम्ही जाणताच. तुमच्या रविवारच्या फेरीत मात्र तो सावकाश वेग कोणाच्याच वाट्याला येत नाही. तुम्ही थांबून थांबून सायकल चालवता आणि ती सगळा वेळ धापा टाकत असते. अशा रविवारांचा तिच्या गुडघ्याशी संबंध आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कोणीही सांगू नये. परंतु तिच्यासाठी थांबल्याने तुम्ही तिच्यावर उपकार करत आहात आणि न थांबल्यास अन्याय कराल, हे गृहीतक मला मान्य नाही. आजच्या पद्धतीने तिचे नुकसान तुमच्यापेक्षा जास्त होते आहे.

पत्रात आणखी एक गोष्ट मला राहून राहून खटकली. मैत्रिणीला काय वाटेल, ती कशी दुखावेल, गटात तिचे स्थान काय राहील, हे तुम्ही फार कळकळीने लिहिले आहे. पण तिने स्वतः उच्चारलेले एकही वाक्य पत्रात नाही. ‘ठरलं ते ठरलं’ असे जे म्हणाले, ते दुसरेच कोणी. तिची बाजू तुम्ही मनातल्या मनात लिहिली आणि तिच्या वतीने स्वतःला दोषीही ठरवलेत. कदाचित तिला तुमचा वेग पाहून आनंद होत असेल. कदाचित दर रविवारी चार जणांना थांबवून ठेवण्याचा तिला मनस्ताप होत असेल आणि तुम्ही पुढे निघून गेलात तर तिला सुटल्यासारखे वाटेल. कदाचित ती खरोखरच दुखावेलही. यांतले काय खरे आहे, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही आणि ते कळल्याशिवाय तुम्ही घेतलेला कोणताही निर्णय अंदाजावर बेतलेला असेल.

पहाटेच्या लपवलेल्या सरावाबद्दल मी स्पष्टच लिहिते. सराव करण्यात काहीच गैर नाही. लपवण्यात मात्र दोन धोके आहेत. त्यातला एक नात्याचा. ही गोष्ट आज ना उद्या कळणारच, कारण कोल्हापुरात पहाटे सायकल घेऊन निघालेली बाई कोणाच्या ना कोणाच्या नजरेस पडतेच. तुम्ही वेगवान झालात याचे तेव्हा मैत्रिणीला फारसे वाईट वाटणार नाही. आपल्यापासून ते लपवले गेले, आपल्याला हे पेलवणार नाही असे गृहीत धरले गेले, याचे वाटेल. दुसरा धोका जिवाचा. पावसाळ्यातल्या अंधाऱ्या पहाटे तुम्ही कोणत्या रस्त्याने गेला आहात, हे कोणालाच ठाऊक नसणे बरोबर नाही. मैत्रिणीशी बोलणे व्हायला दोन दिवस लागले तरी चालेल, परंतु घरातील एका माणसाला आजपासूनच मार्ग आणि परतण्याची वेळ सांगून निघा.

आणखी एक विचार अगदी हळुवारपणे मांडते. पत्रात तीन ठिकाणी तुम्ही ‘माझा स्वार्थ’ असे लिहिले आहे. घर, नोकरी, मुलांच्या शाळा सांभाळून ज्या बाईने वर्षभरात पोहायला शिकून समुद्रात उतरण्याइतकी तयारी केली, तिला आपण किती वेगाने जाऊ शकतो हे एकदा पाहावेसे वाटले, तर त्याला स्वार्थ का म्हणायचे? हीच इच्छा गटातील एखाद्या पुरुषाने बोलून दाखवली असती, तर तिला ध्येय म्हटले गेले असते. ही इच्छा तुमची आहे, प्रामाणिक आहे आणि तिच्याबद्दल कोणाची माफी मागण्याची गरज नाही.

आता पर्यायांकडे येऊ. गट सोडून संपूर्ण तयारी एकटीने करणे हा एक मार्ग आहे, पण मी तो सुचवणार नाही. मोकळ्या पाण्यात एकटीने पोहणे धोक्याचे आहे, महामार्गावर एकटीने लांब सायकल चालवताना पंक्चरपासून अपघातापर्यंत सगळे एकटीवर येते, आणि तीन महिन्यांच्या कंटाळवाण्या सरावात अंथरुणातून बाहेर ओढणारी माणसे लागतात. सगळे आहे तसेच चालू ठेवणे हा दुसरा मार्ग, आणि त्यात तुमची चिडचिड वाढत जाऊन एखाद्या रविवारी टपरीवर भलताच शब्द तोंडातून जाईल, अशी मला भीती वाटते. तिसरा मार्ग रिलेचा. गोव्याच्या स्पर्धेत तिघांनी मिळून एक-एक प्रकार करण्याची सोय राहिली आहे. यंदाचे नियम पाहून घ्या. गुडघा वेळेत बरा झाला नाही, तर मैत्रीण पोहण्याचा भाग घेऊ शकेल आणि तो ती तुमच्या गटात सर्वांत चांगला करेल. मात्र हा पर्याय कितीही चांगला असला, तरी तो तिच्या तोंडून आला पाहिजे, किंवा डॉक्टरांचे मत हाती आल्यावर तिने विचारले, तर मग तुमच्याकडून. तुम्ही आपणहून आधी सुचवलात, तर ‘तुझ्याने होणार नाही’ असाच त्याचा अर्थ निघेल.

माझा सल्ला चौथ्या मार्गाचा आहे: कोणता सराव सोबतीने करायचा आणि कोणता आपापल्या वेगाने, याची गटाने उघडपणे विभागणी करावी. वेगात फरक असलेल्या कोणत्याही गटाला हे लागू पडेल, म्हणून थोडे तपशिलात लिहिते.

रविवारच्या लांब फेरीसाठी अंतर ठरवू नका, वेळ ठरवा. समजा, सहा वाजता सगळे निघालात, तर आपापल्या वेगाने दीड तास जायचे आणि साडेसातला जो जिथे असेल, तिथून त्याने परत फिरायचे. तुम्ही दहा-बारा किलोमीटर पुढे जाऊन वळाल, मैत्रीण अलीकडूनच वळेल, आणि प्रत्येकाने जाताना-येताना आपापला वेग कायम राखला, तर सगळे जवळजवळ एकाच वेळी परत पोहोचाल. येताना ती पुढे असेल आणि तुम्ही मागून येत असाल. कोणी कोणासाठी थांबत नाही, कोणी मागे राहिल्याची भावना उरत नाही आणि चहा पाचही जण एकत्र बसून घेतात. सगळ्यांच्याच वेगात पुरेसा फरक असेल, तर सुरक्षिततेसाठी जवळच्या वेगाच्या दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवावे. गुडघा तपासून होईपर्यंत मैत्रिणीची फेरी किती वेळाची असावी, हे मात्र तिने डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सध्याच्या दिवसांत गगनबावड्याकडे जाण्याचा अट्टाहासही धरू नका. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे आणि पुराच्या दिवसांत तो रस्ता पाण्याखाली जाऊन बंदही पडतो. पावसाच्या आठवड्यांत कोणाच्या तरी हॉलमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर, सायकली लावा. चार माणसे शेजारी शेजारी बसून चार वेगवेगळ्या ताकदीने पायडल मारू शकतात आणि तरी दोन तास गप्पा चालू राहतात. वेगातला फरक पूर्णपणे नाहीसा करणारी दुसरी जागा माझ्या माहितीत नाही.

धावण्यासाठी सरळ रस्त्यापेक्षा फेऱ्यांची जागा निवडा. मैदानाच्या किंवा तलावाच्या फेऱ्या मारताना एकमेकांची गाठ सतत पडते, पाण्याची बाटली एका जागी ठेवता येते आणि दुखू लागले तर घर गाठण्यासाठी आठ किलोमीटर लंगडत यावे लागत नाही. आठवड्यातला जोराचा सराव मात्र प्रत्येकाने आपल्या वेळापत्रकाप्रमाणेच करावा, आणि तुमच्या दोन पहाटा त्यासाठी, आता उघडपणे, राखून ठेवा.

पोहणे मात्र सोबतीनेच. इथे मी कोणतीही सवलत देणार नाही. जलतरण तलावातील पोहणे आणि स्पर्धेत जिथे पोहायचे तो गोव्यातील मिरामारचा समुद्र यांत फार अंतर आहे. तिथे तळाशी काळी रेघ नसते, धरायला कठडा नसतो, लाटेमुळे दर काही हातांनंतर डोके वर काढून पुढचा बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) शोधावा लागतो आणि नाकातोंडात खारे पाणी गेले की चांगले पोहणाराही घाबरतो. अंगावर वेटसूटही (तरंगायला मदत करणारा रबरी पोशाख) नसेल, कारण पाण्याचे तापमान २४.५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असेल तर आयर्नमॅन स्पर्धेत हौशी स्पर्धकांना तो घालून क्रमवारीत राहता येत नाही, आणि गोव्याचे पाणी त्या दिवसांत त्याहून बरेच उबदार असते. म्हणून पाऊस ओसरल्यावर निदान दोन वेळा सगळ्यांनी मिळून, स्थानिक जाणकार आणि सोबतीला होडी असल्याची खात्री करून, समुद्रात सराव करा. कमरेला सुरक्षा-बोया बांधा. पोहताना दुसऱ्याच्या पायांमागे किंवा कमरेच्या बाजूला राहून त्याच्या प्रवाहाचा फायदा घेणे नियमांत बसते. सायकलवर जे निषिद्ध आहे, ते पाण्यात चालते. तुमच्या मैत्रिणीमागे पोहण्याचा सराव करा. स्पर्धेच्या दिवशी तिच्यासोबत काही काळ जायचे असेल, तर ती जागा हीच आहे, आणि तिथे पुढे ती असेल.

खाण्यापिण्याची नक्कल मात्र करू नका, कारण गटात ही चूक सर्रास होते. कोणाला किती घाम येतो, घामातून किती मीठ जाते आणि कोणाच्या पोटाला कोणते एनर्जी जेल (शर्यतीत ताकदीसाठी घ्यायचा गोड, दाट पदार्थ) मानवते, हे प्रत्येकाचे निराळे असते. एकाने बाटलीमागून बाटली साधे पाणी प्यायले म्हणून दुसऱ्यानेही तसेच केले, तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गोव्याच्या दमट हवेची सवय व्हायला शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. तितके दिवस आधी गोव्याला जायला रजा मिळत नसेल तर शेवटच्या काही आठवड्यांत सायकलनंतर लगेच धावण्याचा सराव दिवस चढल्यावरच्या उन्हात, हळूहळू वेळ वाढवत, पाणी आणि मीठ सोबत ठेवून करा. अशा सरावाला कधीही एकटीने जाऊ नका.

राहिले बोलणे. ते गटाच्या व्हॉट्सॲपवर करू नका आणि टपरीवर सगळ्यांसमोरही करू नका. मैत्रिणीला एकटीला भेटा, शक्यतो सायकली आणि बूट सोबत नसताना. सुरुवात स्वतःपासून करा: ‘अगं, गेले काही आठवडे मी पहाटे एकटी सराव करतेय आणि तुला सांगितलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले, ते चुकलंच. मला यंदा माझा वेग आजमावून बघायचाय. तू नसतीस तर मी पाण्यात उतरलेच नसते. तुला माझ्याकडून नेमकं काय हवंय, ते सांग.’ एवढे बोलून थांबा. ती गप्प बसली तरी लगेच समजुती घालायला लागू नका आणि घाईघाईने ‘नाहीतर मी थांबते तुझ्यासाठी’ असे म्हणू नका. ती रागावली तर रागावू द्या. वर्षानुवर्षांची मैत्री एका अवघड संध्याकाळीने मोडत नाही.

गुडघ्याचा विषय निघाला तर तिला खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे घेऊन जा. नुसते ‘जाऊन ये’ म्हणू नका. सायकलचे सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला आणि फार वर असेल तर मागच्या बाजूला दुखणे, हे नेहमी आढळणारे आहे, म्हणून सायकलचे माप घेऊन सीटची उंची तपासून घेणेही योग्य. पण सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा जिना उतरताना दुखत असेल, तर आधी डॉक्टर आणि मग सायकल. स्पर्धा पुढच्या वर्षीही असेल.

तिच्याशी बोलणे झाल्यावरच गटापुढे जा, आणि शक्य झाले तर दोघी मिळून जा. ‘ठरलं ते ठरलं’ म्हणणाऱ्या मित्राला १२ मीटरचा नियम आणि कट-ऑफच्या वेळा दाखवा, वेळेवर परत फिरण्याची कल्पना सांगा आणि एक रविवार तशी फेरी करून पाहू, एवढेच मागा. एकत्र फिनिश लाइन ओलांडण्याच्या जागी दुसरे काही ठरवायचे असेल, तर तेही तेव्हाच ठरवा. उदाहरणार्थ, जो आधी पोहोचेल त्याने पदक गळ्यात घालून हॉटेलवर न जाता, शेवटचा जण येईपर्यंत कठड्यापलीकडे थांबायचे. शेवटच्या टप्प्यात ओळखीच्या माणसांना सोबत पळत आत येऊ देत नाहीत, हे तेवढे लक्षात ठेवा आणि कुटुंबीयांनाही आधीच सांगून ठेवा.